घर बदलण्याची परवानगी नाही

माणसाच्या अंगातली कुठली नस कुठून निघून कुठे जाते, हे फिजिओताई डोळे मिटून सांगायच्या. रस्त्यांच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद होता. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करवून घेणं हा त्यांचा व्यवसाय, आणि पेशंटचा गुडघा वाकायच्या आधी खिडकीतून डोकं काढून पत्ता विचारण्यात त्यांचीच मान आखडायची. फोनवरचा नकाशा कामाचा नव्हता. ऐन वळणावर कुणाची तरी कंबर धरायची, फोन वाजायचा आणि नकाशा गायब.

"गाडीत रस्ता दाखवणारं वेगळं यंत्रच बसवू," नवरा म्हणाला. तो विमा कंपनीत होता. बारीक अक्षरातला मजकूर वाचायचा त्याला पगार मिळायचा. घरी तो हेच काम हौसेने करायचा.

दुकानदाराने तीन यंत्रं मांडली. पहिल्याचा पडदा काडेपेटीएवढा. दुसरं फोनला जोडल्याशिवाय बोलायचंच नाही. तिसरं वापरलेलं होतं, पण पडदा मोठा, आणि सुरू करताच आतून एक धीरगंभीर पुरुषी आवाज म्हणाला, "नमस्कार. मी तयार आहे."

"हेच," फिजिओताई म्हणाल्या.

"कुणाचं होतं?" नवऱ्याने विचारलं.

"एका बाईंचं. म्हणाल्या, आता गरज उरली नाही." दुकानदाराने धूळ पुसली. "घाईत होत्या. सारखं मागे वळून बघत होत्या. एवढंच सांगतो, साहेब, आवाज कमीजास्त करा, पडद्याचा रंग बदला. त्याच्या आत शिरू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओताईंनी गाडी सुरू केली. यंत्र म्हणालं, "चष्मा घेतलास?"

त्यांनी हात डोळ्यांपाशी नेला. चष्मा फ्रिजवर राहिला होता. त्या वर गेल्या, चष्मा घेतला आणि पाणी प्यायल्या. खाली येऊन बसल्यावर यंत्र काहीच म्हणालं नाही, त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

नवऱ्याने संध्याकाळी माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं. "यात पाच आवाज दिलेत," तो म्हणाला. "मी पाचही ऐकले. हा त्यातला नाही."

"मग हा कोण?"

"पुस्तकात नाही."

नवऱ्याच्या मनात वेगळंच होतं. बायकोने आपलं ऐकावं अशी त्याची लग्नापासूनची इच्छा होती, आणि अशी संधी पुन्हा येणार नव्हती. त्याने बाथरूममध्ये बसून, आवाज घुमावा म्हणून, 'डावीकडे वळा', 'उजवीकडे वळा' रेकॉर्ड केलं आणि यंत्रात भरायला घेतलं. पडद्यावर आलं: या बदलाची परवानगी नाही.

मग त्याला 'घर' नावाची लाल खूण दिसली. ती गावाबाहेर, तळ्याच्या काठी, सगळे रस्ते संपतात तिथे होती. तिथे आपला पत्ता घालावा म्हणून त्याने बोट टेकवलं. यंत्राने पासवर्ड मागितला आणि खालच्या सुरात म्हणालं, "घर एकच असतं."

नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर आणला, झाकण उघडल्यास होणाऱ्या परिणामांचं कलम पुन्हा वाचलं आणि स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवून आला. दुकानदार फोनवर म्हणाला, "पासवर्ड त्या बाईंकडे. जबरदस्ती केलीत तर नकाशे पुसले जातील, नुसता डबा उरेल. आणि बाईंनी पत्ता काही दिला नाही."

"परत घ्या."

"ते कसं घेणार?" दुकानदार म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता.

फिजिओताई वापरत राहिल्या, कारण रस्ता ते चोख दाखवायचं. मग तळ्यापलीकडचा एक नवा पेशंट आला, आणि त्याच सकाळी असं धुकं उतरलं की गाडीचं नाक दिसेना. एक वळण हुकलं. पुढचंही हुकलं. तिसरं हुकल्यावर पडद्यावरचा पेशंटचा पत्ता आपोआप पुसला गेला.

"चुकलीस," यंत्र म्हणालं. "घाबरू नकोस. कुठे निघाली होतीस ते विसर. घरी ये."

फिजिओताईंनी त्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. "सरळ ये," काळा पडदा म्हणाला.

त्यांनी पेशंटला उशिरा येते म्हणून कळवलं आणि नवऱ्याला फोन लावला.

"मागे फिर," तो म्हणाला.

"मागे काय आहे ते दिसत नाहीये. पुढे निदान हा तरी आहे."

"हा कोण? त्याच्याशी बोलू नकोस. मला ती लाल खूण माहितीये, टॅक्सीने येतो."

गाडी एका फाटकापाशी पोचली. धुक्यात तळं नुसतं ऐकू येत होतं. बैठं घर, दिवा नाही, दार सताड उघडं.

"आलीस," यंत्र म्हणालं. "आत ये. दार उघडंच आहे."

दारातून एक वयस्कर बाई झारी घेऊन बाहेर आल्या. आवाज ऐकला आणि त्यांच्या हातातली झारी खाली पडली. त्या गाडीजवळ आल्या, यंत्राकडे बघत राहिल्या. चेहरा पांढराफटक.

"हे परत कसं आलं?" त्या कुजबुजल्या.

"हा आवाज कुणाचा आहे?"

"आमच्या ह्यांचा."

फिजिओताई गाडीतून खाली उतरल्या. "वाईट वाटलं ऐकून. कधी गेले?"

"जातायत कुठे? आत पेपर वाचतायत. हळू बोला."

बाईंनी भराभर सांगितलं. हे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचे. निवृत्त झाल्यावर सांगायला प्रवासी उरले नाहीत, उरली बायको. कंपनीच्या मागे लागून त्यांनी यंत्रात स्वतःचा आवाज घातला, तीन वळणं चुकली की गाडी घरीच वळेल अशी सोय केली आणि वर पासवर्ड लावला. शेवटी बाईंनी यंत्र विकलं आणि चोरीला गेलं म्हणून सांगितलं. मग यंत्राशिवाय गाडीच नको म्हणून ह्यांनी गाडीही विकून टाकली.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्यांनी ऐकलं तर..."

"सापडलं वाटतं," दारातून तोच आवाज आला. या वेळी तो माणसाच्या तोंडातून येत होता, आणि फिजिओताईंच्या अंगावर काटा आला. घोषणावाले काका पेपरची घडी करत पायऱ्या उतरले. "मी म्हणत नव्हतो? चोर कधीतरी तीन वळणं चुकणार आणि आपल्या पायाने इथे येणार." त्यांनी ताईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दिसता चांगल्या घरच्या. पोलिसांना फोन करतो, तोवर आत बसा."

फिजिओताईंनी बाईंकडे पाहिलं. बाई पडलेल्या झारीकडे बघत होत्या. काका फोन आणायला वळले.

"मी विकलं," बाई म्हणाल्या.

काका थांबले.

"तुम्ही लग्नापासून मला कुठे वळायचं ते सांगताय. मला एकदा चुकायचं होतं."

"आणि हरवली असतीस तर?"

"तर हरवले असते."

काकांच्या चेहऱ्यावर शेवटची गाडी निघून गेल्यावरच्या फलाटासारखं काहीतरी पसरलं. त्यांनी गाडीत वाकून यंत्र काढून घेतलं आणि ते पोटाशी धरून उभे राहिले.

तेवढ्यात धुक्यातून टॅक्सी आली आणि नवरा धापा टाकत उतरला. बायको सुखरूप आहे हे त्याने पाहिलं, काय झालं ते ऐकलं आणि काकांकडे वळला. "म्हणजे तो आवाज तुमचा? कंपनीने परवानगी कशी दिली? मला तर नाही म्हणतंय."

काकांनी मान वर केली. "तुम्ही भरून बघितलंत?"

"बाथरूममध्ये रेकॉर्ड केलं."

"तिथेच चुकलात. आवाज घुमून चालत नाही. आत या, शिकवतो." काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं आत गेले.

बाईंनी झारी उचलून भिंतीशी ठेवली, चपला घातल्या आणि पुढचं दार उघडून गाडीत बसल्या.

"तुमचा पेशंट वाट बघत असेल ना?"

"हो. पण तुम्हाला रस्ता माहितीये?"

"मला कधी लक्ष द्यावंच लागलं नाही. तुम्हाला?"

"मुळीच नाही."

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पट्टा लावला.

गाडी फाटकातून बाहेर पडताना घरातून दोन पुरुषांचा एका सुरातला आवाज आला, "डावीकडे वळा." फिजिओताईंनी गाडी उजवीकडे धुक्यात घातली.