सुटकेच्या सोन्याची मोलयाद

श्रीकुलस्वामिनीचे पायीं मस्तक ठेवून लेखनास आरंभ केला. शके सोळाशें पन्नास, कीलक नाम संवत्सर, माघमासीं एका राज्यावर, ज्याचें नांव लिहिण्याचें प्रयोजन नाहीं, मोठें अरिष्ट आलें. तें ऐसें जे, राजे शिकारीस गेले असतां पैलतीरच्या सरदारांनीं घेरून कैद केले आणि राणीसाहेबांस सांगून पाठविलें कीं, "खजिन्यांतील सोनें पाठवावें, आणि सोबत पोतदाराचे शिक्क्यानिशीं मोलयाद लिहून पाठवावी. यादीत एक आणि सोन्यांत दुसरें निघालें, तर राजियांचें शिर तबकांत घालून परत येईल."

मग राणीसाहेबांनीं धाकोजी पोतदार, जे सरकारचें सोनें पारखीत, त्यांस आज्ञा केली आणि धाकोजी खजिन्यांत बैसले. पुतळ्यांची माळ, तोडे, बाजूबंद कसोटीवर घासून पाहिले, ते चोख निघाले आणि यादीत लिहिले. मग होन, मोहरा पाहिल्या, त्याही चोख. मग सोन्याच्या लगडी हातीं घेतल्या. कसोटीवर रेघ पिवळी उमटे, परंतु लगड आकारें मोठी आणि भारें हलकी. वरी सोनें, आंत कांहीं दुसरेंच, हें उमगलें.

इतक्यांत कारभारी गोमाजीपंत, ज्यांचे कमरेस खजिन्याच्या किल्ल्या असत, ते मागें येऊन उभे राहिले आणि हळूच बोलिले, "धाकोजी, लगडी चोख म्हणून लिहा."

"पंत, याद खोटी निघाली तर राजे जातील."

"राजे जातील, याद लिहिणारा जाईल. आम्ही राहूं. आणि घरीं तुमची स्त्री लाडूबाई एकल्या आहेत, म्हणून दारीं आमचे गडी बसविले आहेत. उद्यां दरबारांत याद वाचावी."

धाकोजींनीं घराकडे जावें तरी पंतांचीं माणसें वाट अडवीत, राणीसाहेबांकडे जावें तरी दारीं पंतांचाच पहारा. मग खजिन्यांतच बसून राहिले आणि अन्न आलें तें शिवलें नाहीं. बाहेर पाऊल वाजलें कीं दचकत आणि लाडूबाईंची कोणी खबर आणिली म्हणून दाराकडे पाहत.

दुसरे दिवशीं दरबार भरला. राणीसाहेब पडद्याआड बैसल्या, लगडी चौरंगावर मांडल्या आणि गोमाजीपंत शेजारीं उभे राहिले. आज्ञा जाहली, "पोतदार, वाचा." धाकोजींनीं कागद उघडला, परंतु दृष्टि लगडीवर ठेविली. पंतांनीं डोळे वटारले. तेव्हां धाकोजींनीं कागद खालीं ठेविला, झोळींतील छिन्नी काढिली, लगडीवर धरिली आणि वरून हातोडा घातला. पंत "धरा, धरा" म्हणतात तों दुसरा घाव बसला आणि लगड उकलली. आंत लालबुंद तांबें.

मग पडद्याआडून शब्द आला, "पंतांच्या किल्ल्या काढून घ्या." पंतांस मुसक्या बांधून नेलें. धाकोजी मात्र पागोटें तेथेंच टाकून घराकडे धांवत सुटले आणि मागें राणीसाहेबांचे स्वार गेले.

घरीं येतात तों गडी पळाले होते, दार सताड उघडें, चूल विझलेली. हाका मारिल्या, उत्तर नाहीं. धाकोजी उंबऱ्यावर मटकन बैसले. मग परसांतील कडब्याच्या गंजींतून लाडूबाई बाहेर आल्या, अंगभर कुसळें, आणि पुसिलें, "काय केलेंत तें शेजारी ओरडत आहेत. घाव घालितां माझी आठवण जाहली होती काय?"

"जाहली होती."

"तरी घातला?"

धाकोजींनीं मान खालीं घातली. लाडूबाई आंत जाऊन चूल पेटवूं लागल्या.

पुढें राणीसाहेबांनीं आपले अंगावरील दागिने उतरून तूट भरून काढिली, धाकोजींनीं नवी मोलयाद लिहिली, ती पैलतीरीं खरी ठरली आणि राजे सुखरूप परतले. धाकोजींस वस्त्रें आणि इनाम दिलें. परंतु घरीं लाडूबाई त्यांस जेवूं वाढीत, विचारिलें तेवढें बोलत, आणि दाराची कडी वाजली कीं अजून परसाकडे धांवत. येणेंप्रमाणें राज्य राखिलें, राजे राखिले. घरचें वर्तमान जैसें घडलें तैसें लिहिलें. लेखनसीमा.