विहिरीच्या नावे ठेविलेले दिवाळे

श्री. भर दुपारी उन्हात ठेविलेल्या दिव्याची ज्योत दिसत नाही. परंतु मागे चुन्याची भिंत असता ज्योतीची सावली भिंतीवर पडते, मध्ये करडी, कडेला पाण्यासारखी हालणारी, आणि वात पुढे सारिली की सावलीही उंच होते. हे आम्ही स्वतः पाहिले, खात्रीसाठी पुन्हा पाहिले, आणि मग लिहिले. जो उजेडालाही सावली देतो त्या परमेश्वरास नमन करून, शके सोळाशे एक्क्याऐंशी, प्रमाथीनाम संवत्सरी, एका राज्याच्या नदीकाठच्या परगण्यात जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहितो. अधिक घालीत नाही आणि उणे करीत नाही.

ती भिंत केरोशेट हलवायांच्या दुकानाची. त्या राज्याचा रिवाज ऐसा की, ज्याचे दिवाळे निघाले त्याने उंबऱ्यावर दिवसा दिवा लावावा, आणि न्यायसभा 'मोकळा' म्हणेपर्यंत लावीत जावा, आणि तोवर आपला धंदा आपल्या हाते करू नये. केरोशेट मोठे कसबी. त्यांचा बत्तासा जिभेवर ठेविला तर विरघळण्याआधी क्षणभर विचार करी, ऐसा लौकिक होता. परंतु एके साली त्यांची साखरेने भरलेली होडी ऐन धारेत उलथली, आणि खालच्या गावचे लोक नदीचे पाणी पिऊन 'आज सण कोणता?' म्हणोन एकमेकांस पुसू लागले, आणि केरोशेटांपाशी भट्टी राहिली, कढया राहिल्या, सावकार राहिले, साखर तेवढी राहिली नाही. मग सभा बसली, साक्षी जाहल्या, होते नव्हते ते सावकारांनी वाटून घेतले आणि तेही तृप्त होऊन घरी गेले, आणि आता मोकळीक होणार ऐसे सर्वांस वाटले. ती जाहली नाही. का जाहली नाही हे बारा वर्षांत कोणी विचारिले नाही, कारण दिवाळे निघालेल्या माणसापाशी त्याच्या दिवाळ्याचा विषय काढणे त्या परगण्यात मोठे अशिष्ट मानीत. लोक त्यांस पावसापाण्याचे विचारीत, आंब्याच्या मोहराचे विचारीत, आणि नमस्कार करून पुढे जात.

मग बाराव्या साली पेठेचा कारभार पाहणाऱ्या शेट्यांचा निरोप आला की, चैत्री पौर्णिमेच्या जत्रेपर्यंत मोकळीक दाखवावी, न दाखविल्यास भट्टीची जागा पलीकडच्या आळीतील रेवडीवाल्यास देऊ. केरोशेट म्हणाले, "देऊन टाका," आणि त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांची लेक साळूबाई, सासरी न नांदता बापापाशी राहिलेली, थोडके बोलणारी, तिने ताट झाकून ठेविले आणि विचारिले, "बाबा, तुमचा निकाल काय लागला होता?"

"साळू, असे विचारतात का कोणाला?"

"नाही विचारीत. मी विचारते."

केरोशेटांनी वाऱ्याकडे तोंड करून वास घेतला. पलीकडच्या आळीत पाक चढला होता. "करपवला मेल्याने," ऐसे पुटपुटले आणि मग म्हणाले, "निकालाचे काय ठाऊक! न्यायाधीश शास्त्रीबुवा कागद वाचीत होते, माझ्याकडे पाहून हसलेही होते. मग दुपारची नौबत झडली आणि सारे जेवायला उठले. पुन्हा कोणी बोलाविले नाही. मीही विचारिले नाही. बरे दिसत नाही ते."

मग साळूबाई उठली आणि दिवाळे-दफ्तरात गेली. त्या दफ्तराच्या दारी महाराजांचा हुकूम दगडावर कोरलेला आहे की, दिवाळ्याचा कागद लपवू नये, जो येईल त्याने पाहावा, जो मागेल त्यास नक्कल द्यावी. दफ्तरदार आबाजी त्रिंबक यांची सारी चाकरी त्या दगडाआड गेली होती आणि मागणारे मनुष्य त्यांनी आजवर पाहिले नव्हते. ते लगबगीने उठले, बैठक झटकिली, पाणी आणविले.

"नक्कल? खरोखरीची नक्कल पाहिजे तुम्हांस?"

"बाहेर दगडावर लिहिले आहे, पंत."

"लिहिले आहे हो! दर दसऱ्याला आम्हीच तो धुतो. पण त्याचा कोणास उपयोग होईल हे ध्यानी आले नव्हते. बरे, कोणाचा कागद?"

"केरोशेट हलवाई यांचा."

आबाजीपंतांनी दोन्ही कानांवर हात ठेविले. "हां हां, बाई! नाव नका घेऊ. या चौकटीच्या आत दिवाळे निघालेल्याचे नाव घेत नाहीत. अब्रूदार मनुष्य असतो बिचारा."

"मग कागद शोधता कशावरून?"

"सोपे आहे. दुकानाच्या डावीकडचा जो शेजारी, त्याच्या नावाने कागदांचा रुमाल बांधितो. म्हणजे ज्याचे दिवाळे त्याची अब्रू राहते."

"आणि शेजाऱ्याची?"

पंतांनी लेखणी कानावरून काढिली, पाहिली आणि पुन्हा कानावर ठेविली. "हा विचार," ते म्हणाले, "अद्याप जाहला नव्हता."

साळूबाई घरी आली आणि डावीकडच्या शेजाऱ्यास, दौलतखान अत्तारांस, घेऊन गेली. खानसाहेबांनी नवा अंगरखा घातला, कानात केवड्याचा फाया ठेविला, आणि वाटेने ज्याला त्याला सांगत गेले की सरकारी दफ्तरात आपल्या नावचा रुमाल आहे. मग पंतांनी शिडी लाविली, दौलतखानांच्या नावचा रुमाल काढिला, धूळ झटकिली, सर्वांस शिंका आल्या, आणि गाठ सोडून पाहतात तो आत खानसाहेबांच्या पलीकडल्या तेल्याचे दिवाळे, केरोशेटांचे नाही.

"हे काय, पंत? त्या वेळी सभेत साक्ष द्यायला मी उभा राहिलो. सबंध सकाळ उपाशी उभा राहिलो! आणि कागद माझ्या नावाने नाही?"

"खानसाहेब, रागावू नका. दुसऱ्याचा आहे की तुमच्या नावाने."

"तेल्याचा! मी अत्तर विकतो, पंत, आणि माझ्या नावाला खोबरेल लावून ठेविलेत!"

मग पंतांनी खानांच्या धाकट्या बंधूंच्या नावचा रुमाल पाहिला, वडिलांच्या नावचा पाहिला, मागल्या आळीतील दुसऱ्या एका दौलतखानांचाही पाहिला, आणि दिवस गेले, आणि जत्रेचे पाळणे नदीकाठी उभे राहू लागले, आणि रेवडीवाला सकाळ-संध्याकाळ दुकानावरून जाऊ लागला आणि चालता चालता भट्टीचे माप डोळ्यांनी घेऊ लागला. केरोशेट म्हणाले, "साळू, पुरे आता. पंतांना किती त्रास!" साळूबाई रस्त्यावर गेली आणि दुकानाकडे तोंड करून उभी राहिली, मग आत येऊन रस्त्याकडे तोंड करून बसली, मग पुन्हा बाहेर गेली, आणि तशीच पदर खोचून दफ्तरात गेली.

"पंत, डावीकडचा म्हणजे कोणाच्या डावीकडचा? दुकानात बसलेल्याच्या, की रस्त्यात उभा आहे त्याच्या?"

"बसलेल्याच्या. उघड आहे."

"तुमच्या आधीचे दफ्तरदारही तसेच धरीत?"

आबाजीपंत हळूच म्हणाले, "ते बसत नसत."

"म्हणजे?"

"त्यांस मूळव्याध होती, बाई. सारी चाकरी उभ्याने केली त्यांनी. पाहणीला जात तेथेही रस्त्यातच उभे राहत."

केरोशेटांच्या दुकानासमोर रस्त्यात उभे राहिले असता डावीकडे मनुष्य नाही. तेथे सार्वजनिक विहीर आहे. पंतांनी शिडी पुन्हा लाविली आणि 'विहीर' ऐसे लिहिलेला रुमाल काढिला. त्यात गाळ उपसल्याचा कागद होता, पाण्याच्या पाळीवरून दोन बायकांची झोंबी जाहली त्याचा होता, आतील बेडूक वेळी-अवेळी ओरडतो म्हणोन एका वैद्यांनी केलेली तक्रार होती, आणि बेडकाच्या खाली केरोशेट होते. साळूबाईने कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचिला. शेवटी स्वच्छ अक्षरात होते की, सावकारांची तक्रार उरली नाही, सबब मनुष्य मोकळा, भट्टी त्याची त्याजकडे. आणि समासात दुसऱ्याच्या अक्षरात बारीक लिहिले होते, 'वाचणे राहिले. नौबत जाहली.'

मग उलगडा जाहला. त्या वेळच्या न्यायाधीशांस प्रस्तावनेचा फार नाद. निकालाच्या आरंभी ते सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करीत. त्या दिवशी ते साखरेपर्यंत येतात तो नौबत झडली आणि सभा उठली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते ठरल्याप्रमाणे काशीस निघून गेले. कारकुनांस वाटले शास्त्रीबुवांनी जाण्याआधी वाचिला, शास्त्रीबुवांस वाटले कारकून वाचतील, आणि ज्याचा निकाल त्यास विचारणे बरे दिसत नव्हते.

"निकाल लागलेलाच आहे की!" खानसाहेब म्हणाले.

"लागला नाही," पंत खिन्न होऊन म्हणाले. "लिहिली ती शाई, सभेत बोलला तो न्याय, असा कायदा आहे. मी नक्कल देतो. परंतु न बोललेल्या निकालाची नक्कल म्हणजे न शिजलेल्या भाताची पंगत."

"नक्कल खरी आहे हे ठरवितात कसे?" साळूबाईने विचारिले.

"न्यायाधीशांनी ती मूळ कागदाशी ताडून सभेत मोठ्याने..." येथे पंत थांबले. मग त्यांनी साळूबाईकडे पाहिले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच दफ्तरात हसले. "बसा, बाई. आत्ताच लिहितो."

जत्रेच्या आदल्या दिवशी सभा बसली. न्यायाधीश भाऊशास्त्री, मनुष्य सज्जन, परंतु पाय पाण्यात घालण्याआधी नदीचे मूळ शोधणारे. प्रथम त्यांनी शंका काढिली की, दुसऱ्याने लिहिलेला निकाल आपण बोलावा काय. पंत म्हणाले, "बोलावयाचा नाही, शास्त्रीबुवा, ताडावयाचा आहे. महाराजांचा हुकूम दगडावर आहे." मग त्यांनी कागद उघडिला आणि पहिली ओळ पाहताच त्यांचा चेहरा फुलला. "अहाहा! काय लिहिले आहे! आरंभी जळ होते..." आणि एक ओळ मूळ कागदातून, एक नकलेतून, ऐसे वाचीत चालले, आणि आवडलेली ओळ पुन्हा वाचीत. पर्वत जाहले, नद्या जाहल्या, वनस्पतींत ऊस जाहला. केरोशेट मान खाली घालून उभे होते. ऊन सभेच्या पायरीवरून वर चढले, आणि वर नगारखान्यात नगारची टिपरी घेऊन कातडे ठोकून पाहू लागला. केरोशेटांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेविला. "चल, साळू. मागल्या वेळीही इथवरच आले होते."

"थांबा, बाबा."

तितक्यात मागून दौलतखान ओरडले, "शास्त्रीबुवा, साखर अजून उसातच आहे! होडीत चढायची कधी आणि बुडायची कधी?" सभा हसली. शास्त्रीबुवा दुखावले. "अनुक्रम सोडिता येत नाही, खानसाहेब. ताडणे म्हणजे ताडणे."

तेव्हा साळूबाई पुढे जाहली आणि सावकाश म्हणाली, "शास्त्रीबुवा, ताडायचेच तर शेवटच्या ओळीपासून ताडावे. वरून वाचिता मन अर्थाच्या ओघात जाते आणि चूक निसटते. खालून वाचिता ओघ नसतो, म्हणोन चूक डोळ्यांस दिसते. करून पाहावे."

"आम्ही बेरजा तशाच तपासितो," पंत घाईने म्हणाले.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटिले आणि त्यात तर्कदोष आहे काय ते पाहिले, आणि तो सापडला नाही. नगारचीने टिपरी उचलिली.

एवंच, जो कागद कोणीही पाहावा म्हणोन मोकळा ठेविला होता तो सभ्यपणामुळे कोणी पाहिला नाही, आणि जो निकाल पूर्वीच जाहला होता तो भोजनामुळे राहिला; परंतु विचारणारे एक मनुष्य निघाले, आणि शास्त्रीबुवांनी कागद तळाशी धरिला, घसा साफ केला, केरोशेटांकडे पाहिले, आणि जे नाव सभेत बारा वर्षे कोणी घेतले नव्हते ते घेऊन नदीपलीकडे ऐकू जाईल ऐसे बोलिले, "केरोशेट हलवाई मोकळा. भट्टी त्याची त्याजकडे."