मरणाऱ्या ताऱ्यासाठी एक प्लग

अनिमेषने दुपारीच आपल्या गाइड मृण्मयी मॅडमना फोनवर ठणकावून सांगितलं, अर्ज गेलाच असं समजा! अर्ज होता क्ष-किरण टिपणाऱ्या एका उपग्रहाकडे. म्हातारा तारा मरताना अंगावरची सालं फेकून देतो, त्यांचा ग्रहीय तेजोमेघ होतो. त्याच्या पोटात लाखो अंशांचा वायू खदखदतोय का, तेवढं बघू द्या. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

तेवढ्यात तो राहायचा त्या रिहे गावात लोडशेडिंग सुरू झालं. २००७ सालचं लोडशेडिंग ते, सकाळच्या आत हलणारं नव्हतं. लॅपटॉपची बॅटरी तर नुसती शोभेची.

वीज होती एकाच ठिकाणी. घरमालक दादासाहेबांच्या वैष्णवीचं लग्न होतं आणि मांडवामागे जनरेटर रेड्यासारखा घुरघुरत होता. मांडवात गोरज मुहूर्त टळायच्या बेतात होता, कारण माइकवरून पाहुण्यांचे सत्कार चालले होते. प्रत्येकाला शाल, फेटा, नारळ आणि वर त्याचे दोन शब्द. मुहूर्तावर लागलेलं लग्न तालुक्यात जिवंत माणसाला आठवत नव्हतं. आता माजी सभापती जनार्दनराव बोलायला उठले होते, म्हणजे वधूवर उपाशीच झोपणार.

अनिमेष लॅपटॉप काखेत मारून जनरेटरपाशी पोचला, तर बोर्डावर एकही जागा मोकळी नव्हती. अनिमेषने त्यातल्या त्यात बिनमहत्त्वाची वाटणारी वायर उपसली आणि आपली खुपसली.

मांडवात जनार्दनरावांचे ओठ हलत राहिले, आवाज गेला. अख्ख्या मांडवाने श्वास सोडला. भटजींना उभ्या कारकिर्दीत अशी फट मिळाली नव्हती. त्यांनी बिनमाइकची मंगलाष्टकं अशी काही ठोकली की पहिल्या अक्षता जनार्दनरावांच्या फेट्यावर पडल्या. लग्न मुहूर्तावर लागलं. इकडे अर्जही गेला!

मागून दादासाहेब आले. त्यांनी निघालेली वायर पाहिली, मग अनिमेषला पाहिलं. अनिमेष मनातल्या मनात खोलीतलं सामान बांधू लागला.

"सर, ह्ये तुमी केलं?"

"एक तारा मरायला टेकलाय, दादासाहेब."

"टेकू द्या. पोरगी मुहूर्तावर उजवली. आमच्या भावकीत कुनाची छाती झाली न्हाई." त्यांनी हातातली शाल त्याच्या खांद्यावर टाकली. "जनार्दनरावांची हाय. ऱ्हाऊ द्या."

पावसाळ्यात उपग्रहवाल्यांचं उत्तर आलं: अर्ज मंजूर, निरीक्षण पुढच्या मे महिन्यात. मॅडम हरखल्या. म्हणाल्या, मे तेवढा मोकळा ठेव.

अनिमेषने डायरी उघडली. मे महिन्यातल्या त्याच्या सगळ्या तारखा पिरंगुटापासून रिह्यापर्यंतच्या लग्नघरांनी माइकची वायर उपसायला केव्हाच घेतल्या होत्या. त्यातली एक तर खुद्द जनार्दनरावांनी, नातीच्या लग्नासाठी.