सोनगीरच्या मातीवर चोवीस घोडेस्वार उभे केल्याची हकीकत

धुळे, देवपूर मुक्कामी राजश्री भाईदासआबा, अव्वल कारकून, यांनी बोटभर उंचीचे चोवीस प्राचीन इराणी घोडेस्वार रंगवून रणास कैसे लायक केले, ते वर्तमान पुढिलांस ठाऊक असावे, म्हणोन यथामती लिहिले असे. लिहिताना पदरचे काही घातले नाही, हसू मात्र आवरले नाही.

जळगावी मोतीलालभाऊंच्या दिवाणखान्यात दरमहा मेजावर बोटभर फौजा मांडून, फासे टाकून, पुरातन लढाया खेळतात. तेथील कायदा कडक, की अंगास रंग नाही आणि पायाखाली जमीन नाही, तो घोडा मेजावर चढणार नाही. आबांची बिनरंगी राखाडी फौज या कायद्यापायी दोनदा दारातून माघारी फिरली होती. तिसऱ्यांदा तेच घडले तर आबांची जागा रावेरच्या चुडामणास द्यावी, ऐसा भाऊंचा खलिता मोबाइलवर आला.

मग आबांनी कंबर कसली आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर तळ दिला, आणि चष्म्यावर चष्मा चढवून, कुंचला जिभेने टोकदार करीत, पंधरा दिवसांत घोडे बदामी, झुली तांबड्या आणि चिलखते चंदेरी केली. जीभ सर्व रंगांची जाहली. डोळे भरताना एक स्वार तिरळा झाला, त्यास सेनापती केले, की दोन्ही बगलांवर नजर ठेवील.

मग जमिनीची मसलत पडली. जाणते घोड्याखालच्या चकतीवर वाळू चिकटवितात, परंतु सोनगीरास आपले वावर असता परक्या वाळूवर फौज उभी करणे म्हणजे खानदेशास बट्टा, ऐसे बोलून आबांनी शेतातली काळी माती आणवून गोंदात कालविली. त्यावर कुटुंब दिपमालाबाई यांनी हात पुसत अर्ज केला, "अहो, वावरनी माटी शे ती, उन्हामा तडकी जाई. पांझरा नदीनी रेती टाका." आबांनी अर्ज फेटाळिला, आणि चोवीस स्वार गच्चीवर उडदाच्या पापडांशेजारी वाळत मांडिले.

वैशाखाचे ऊन ते. दोन प्रहरी आबा वर गेले, तो प्रत्येक घोड्याखाली भेगाच भेगा, खूर सुटलेले, आणि सेनापती पापडावर आडवे. सकाळी जळगावची एसटी धरायची, नव्याने थापण्यास वेळ नाही. आबा मटकन खाली बसले आणि त्यांस खरोखर रडू आले. मग दिपमालाबाई मैद्याची खळ घेऊन आल्या, आणि उभयतांनी एकेक खूर चिकटविला. भेगा मात्र तैशाच राहिल्या.

जळगावी मोतीलालभाऊंनी भिंग घेऊन फौजेचा झाडा घेतला. आबांनी डोळे मिटले. तो भाऊ एकदम ओरडले, "बापरे! हाई ते खरंखुरं उन्हायानं वावर शे! अश्या भेगा कश्या पाड्यात, आबा?" आबा घसा खाकरून म्हणाले, की कृती गुप्त आहे, घराण्यातली आहे. भाऊ ऐकतात कुठे, त्यांनी थेट आबांच्या घरी फोन लाविला, आणि स्पीकरवर सर्व सभेदेखत दिपमालाबाईंचा जबाब आला, "सोपं शे भाऊ. वावरनी माटी उन्हामा ठेवानी, आनि बायकोनं आयकानं नही."

सभा पोट धरधरून हसली, आणि फौज दाखल जाहली. पुढे फाशांनी दगा दिला आणि चोवीसही स्वार चहा येण्याआधी रणी कामी आले, परंतु मेजावर चढून कामी आले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते. फत्तेचा मान दिपमालाबाईंचा, ऐसा दाखला आबांनी स्वहस्ते लिहून दिला, तो फ्रिजच्या दारावर मैद्याच्या खळीने चिकटविला असे.