ठोसरांचं 'ऐकलं'

आमचे नायब तहसीलदार ठोसर साहेब कुणालाही 'हो' म्हणत नसत. 'नाही'सुद्धा म्हणत नसत. ते फक्त म्हणत, "ऐकलं."

चहावाला विचारी, "साहेब, साखर घालू?" "ऐकलं." मी घराच्या वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला गेले, तेव्हाही "ऐकलं"च म्हणाले. आम्ही त्यांना जेवणात धरलं नव्हतं, तर पहिल्या पंगतीला हजर! मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "बाई, सरकारी माणसाचा होकार हवेत फिरत राहतो आणि भलत्याच्या हाती लागतो."

मी पनवेलच्या त्या महसुली ऑफिसात अव्वल कारकून. माझं टेबल त्यांच्या समोर, त्यामुळे त्यांची घाबरगुंडी मला रोज बघायला मिळे. मुंबईत राजकारण हललं की त्यांची दोन बोटं आपोआप मनगटावर जात आणि नाडी तपासली जाई. आमदार बसमध्ये बसल्याची बातमी आली की साहेब ग्लासभर पाणी पीत. बस राज्याबाहेर गेली की आणखी पाणी. आमदार हॉटेलात उतरले की साहेब टेबलाचा खण उपसून आपलं सामान कापडी पिशवीत भरायला घेत. "बदली येणार," म्हणत. बदलीची इतकी धास्ती घेतलेला माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. आम्ही मागे हसायचो.

त्या वर्षी सरकार खरंच डळमळलं. मंत्री कोण, हे मंत्र्यांनाही सांगता येईना. आमच्या तहसीलदारांनी प्रकृतीचं कारण देऊन रजा टाकली आणि चार्ज ठोसरांकडे आला. त्याच आठवड्यात करुणा म्हात्रेचं प्रकरण उभं राहिलं.

करुणा आमची तरुण तलाठी, इथल्याच आगरी घरातली. जासईच्या अलीकडे एका गावाच्या गुरचरण जमिनीत कुणीतरी कंटेनर यार्डासाठी रातोरात भराव टाकला होता. तिने पंचनामा करून डंपर अडकवले. डंपर नेमके वजनदार माणसाचे निघाले.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. भावी मंत्र्यांचा माणूस, अशी ओळख दिली. त्या दिवसांत सगळेच भावी होते.

"साहेब, ती पोरगी जागेवर न जाताच पंचनामा करून बसली, असा अहवाल द्या. तारीख मागची टाका. बाईला निलंबित करायचं आम्ही वर बघतो."

"ऐकलं."

"मग करताय ना?"

"ऐकलं म्हणालो."

ते गेल्यावर साहेबांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग करुणाला बोलावलं. ती दारातच रडवेली झाली. एरवी छान शहरी बोलणारी, पण घाबरली की घरची भाषा बाहेर पडे. "सायब, मी जाग्यावर गेले होते. आमी खोटं नाय लिवलं. घरात माझाच पगार हाय."

"ऐकलं," साहेब म्हणाले. "ऑफिसची जीप कुठे आहे?"

जीप तहसीलदारांबरोबर आजारी होती. मग साहेब करुणाच्या स्कूटीवर मागे बसले. बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या गर्दीतून हे दोघं कसे गेले, हे करुणा अजून सांगते. साहेबांनी हेल्मेट दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं आणि वाटभर डोळे मिटले होते. परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात. भराव पाहिला होता, पंच भेटले होते, गावकऱ्यांशी बोलणं झालं होतं.

ते गृहस्थ पुन्हा आले. आता आवाज बदलला होता. "सरकार आमचं येतंय, साहेब. तुमचा विचार आम्हाला करावा लागेल."

साहेब ग्लास उचलायला गेले. तो कलंडून पाणी टेबलभर सांडलं. मी फडकं घेऊन उठले, तेवढ्यात त्यांचा आवाज आला. बारीक होता, पण स्पष्ट.

"नाही."

"काय?"

"बाई जागेवर गेल्या होत्या. भराव अडवणं हे कायद्याने त्यांचं काम आहे. त्यांचं म्हणणं न घेता त्यांच्यावर कारवाई होत नाही. खोटा अहवाल मी देणार नाही. सरकार कुणाचंही येवो."

खरा अहवाल त्याच दुपारी प्रांताधिकाऱ्यांकडे गेला. करुणाची नोकरी वाचली, डंपरवाल्यांना दंड झाला. महिन्याभरात मुंबईत सगळं स्थिरस्थावर झालं आणि ठोसरांची बदली आली. थेट वेंगुर्ल्याला.

ऑफिस खवळलं. "साहेब, मॅटच्या न्यायाधिकरणात जा, स्थगिती मिळेल," मी म्हटलं.

"माझी इथली मुदत पूर्ण झालीय, बाई. बदली नियमात बसते."

"मुदत झालेले इतके जण असताना तुम्हीच का?"

"ते सगळ्यांना कळतं. पण नियमात बसते."

रविवारी सामान बांधायला मदत करावी म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले. लग्न केलेलं नाही एवढंच आम्हाला ठाऊक होतं. दार त्यांच्या धाकट्या भावाने उघडलं. विनायकराव. मोठेपणी दृष्टी गेलेली.

"दादा दोरी आणायला गेलाय, बसा," ते म्हणाले. "मला पनवेल पाठ आहे. वडाळे तलावापर्यंत एकटा जातो, दाढी करून येतो. हे सगळं दादाने शिकवलं. वर्षं गेली त्यात." मग हळूच म्हणाले, "तिकडे मी घरात बसून राहीन, त्याचं काही नाही. पण हे त्याला सांगू नका. तो आधीच झोपत नाही."

मी समोरचं खोकं भरायला घेतलं.

हिवाळ्यात करुणा आणि मी साहेबांना भेटायला वेंगुर्ल्याला गेलो. बाजारात पत्ता विचारत होतो, तर दुकानदाराने समोर बोट केलं. "ते काय साहेब. रोज सकाळी असेच येतत. पयल्यांदा आमका वाटला, डोळ्यांनी अधू असत."

ठोसर साहेब डोळे घट्ट मिटून चालत होते. एक हात चिऱ्याच्या भिंतीवर. पाऊल चाचपून टाकत, मध्येच थांबून स्वतःशी बोलत. "इथे पायरी. उंच आहे. इथे बेकरीचा वास. म्हणजे आता डावीकडे."

मी हाक मारणार होते. करुणाने माझा हात दाबला. त्यांच्या पुढ्यात भिंतीला टेकून कुणाची तरी सायकल उभी होती. करुणा पुढे गेली, आवाज न करता सायकल उचलून बाजूला ठेवली आणि तिथेच उभी राहिली, ते पुढे जाईपर्यंत.