जोडा हरवला आहे

चैतराम देवळात शिरला तेव्हा त्याच्या पायांत जोडे नव्हते, ते बरोबरच होतं. बाहेर आला तेव्हाही नव्हते, आणि भानगड इथूनच सुरू झाली.

रामपायलीला कार्तिक पुनवेची जत्रा भरली होती. लालबर्र्याहून चैतराम एकटाच आला होता. गेलं वर्षभर तो असाच देवळं पाहत फिरत होता. लांजीला जाऊन आला. बैहरचं जोडा मंदिर पाहून आला. शेजारी शेजारी उभी असलेली ती दोन जुनी देवळं पाहून तो तिथं फार थांबला नाही. ही सगळी देवळं खरं तर त्याच्या बायकोला, गोदाबाईला पाहायची होती. लग्न झाल्यापासून ती म्हणत राहिली, आणि राईस मिलमधून सुट्टी मिळाली की जाऊ, असं चैतराम म्हणत राहिला. शेवटी तिनेच आठवडी बाजारातून त्याच्यासाठी काळे जोडे आणले.

"हे घाला जी. देव पाहाले निघू तवा पाय दुखते म्हणान, ते मी आयकणार नाही."

उजवा जोडा पुढून उसवला तेव्हा पोतं शिवायच्या दाभणाने तिनेच त्याला लाल दोऱ्याचे दोन टाके घातले. मग चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. जोडे राहिले. आता देव पाहायला निघायचं तर तेच घालून, असं चैतरामने ठरवलं होतं.

आज आत गेला तर बाहेरचा जत्रेचा गलका एकदम बंद झाला. किल्ल्यासारख्या जाड भिंती, गार अंधार, पायाखाली माणसांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला दगड. पुजारी कुणाला तरी सांगत होते, वनवासात रामाचे पाय इथं लागले म्हणून गावाला रामपायली म्हणतात. सीता भ्याली तेव्हा रामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो मूर्तीत अजून तसाच आहे. चैतरामने तो हात पाहिला आणि पाहतच राहिला. राजे आले आणि गेले. बाहेरच्या नदीला कितीदा पूर आला असेल. समोरून रोज एवढी माणसं सरकत होती. तो हात काही तिच्या डोक्यावरून हलला नव्हता.

"काका, सरका ना समोर," मागून कुणीतरी ढकललं, तेव्हा तो बाहेर आला. डोळे भरलेले होते म्हणून त्याने पायानेच जोडे चाचपले. पायाला लागले ते दुसऱ्याचे.

जोड्यांची राखण करणारा महागू खांबाला टेकून बसला होता.

"भाऊ, हे माहे जोडे नव्हत."

"तुमचेच व्हत. काळे देल्ले, काळे घ्या."

"माह्या उजव्याले लाल टाके हायत. टोकन कुठी हाय तुमचं?"

"मी टोकन-फिकन ठेवत नाही. मले माणसाच्या चेहऱ्यावरून जोडे ओळखू येते. वीस वर्षं झाले, एक चूक नाही."

"मंग ही कोणाची चूक हाय?"

"ही पयली असन," महागू शांतपणे म्हणाला. "घालून तं पाहा. तुमच्यापेक्षा बरे दिसून राह्यले."

"मले बरे नाही पाहिजे. मले माहे पाहिजे."

"काहून एवढं मनाले लावून घेता जी? रामाचे जोडे तं त्याच्या भावानंच नेलते. त्यानं केली का तक्रार?"

चैतराम अनवाणीच माइकच्या मंडपाकडे निघाला.

माइकवर कमिटीचे हिरालाल होते. ते हिंदीच बोलत, पण आपल्याला मराठी पूर्ण समजते असा त्यांचा समज होता. तुळशीच्या लग्नाच्या पूजेला नवरा-बायकोने मिळून बसायचं होतं, म्हणून सकाळपासून त्यांची एकच घोषणा चालू होती, "जोड़े से बैठिए, अकेले मत बैठिए." दोनशे वेळा जोडा म्हणून झालेल्या माणसासमोर खुर्चीत बसून चैतराम म्हणाला,

"भाऊ, माहा जोडा हरवला."

"अरे रे!" हिरालालने पेन उचललं. "नाम?"

"चैतराम. लालबर्रा."

"पहला ही है?"

"नाही जी. पाचवा-सहावा असन. वापरानं घासते ना."

हिरालालने मान वर करून त्या काटकुळ्या म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. "रंग?"

"काळा."

"छोड़ा कहाँ था?"

"बाहेर, खांबापाशी."

"और खुद अकेले दर्शन कर आए? साथ में अंदर नहीं ले गए?"

"अंदर कसा नेता येईन जी? देवाचा अपमान होते!"

"किस ज़माने में जी रहे हो आप!" हिरालालचा आवाज चढला. "कोई पहचान?"

"उजव्याले दोन टाके हायत."

हिरालालने तेही लिहून घेतलं, खाकरून माइक तोंडाशी धरला, आणि देवळापासून नदीच्या घाटापर्यंत बांधलेल्या सगळ्या भोंग्यांतून आवाज घुमला,

"ध्यान दीजिए! लालबर्रा के चैतराम जी की धर्मपत्नी मेले में खो गई हैं। रंग सांवला, दाएँ पैर में दो टाँके। माताजी, आप जहाँ भी हों, चली आइए। चैतराम जी आपकी राह देख रहे हैं।"

चैतराम ताडकन उठला. हे चुकलं आहे, हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि तसाच खुर्चीत बसला. हे वाक्य चौदा महिन्यांत कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. त्यात एकच गोष्ट खोटी होती, की ती जत्रेत हरवली. राह देख रहे हैं, हे खरं होतं. हिरालालने ती घोषणा तीनदा केली, आणि चैतरामने तिन्ही वेळा ती होऊ दिली.

तोवर मंडपाभोवती माणसं जमली. सेवेचा बिल्ला लावलेली गीता नावाची बाई कमरेवर हात ठेवून समोर आली.

"काकाजी, बायकोले खांबापाशी ठेवून एकटेच गेलते देवाले? लाज नाही वाटली?"

आता मात्र सांगणं भाग होतं. "आयका ना बाई," चैतराम हळूच म्हणाला. "ते देवाघरी गेली."

"ओ हिरालालजी!" गीता ओरडली. "बाई मंदिरातच गेली म्हणते!"

"तसं नाही वं. ते वर गेली."

"वर? गच्चीवर काहून गेली? तिकडे तं जाऊ देत नाही कोणाले!"

दोन जण गच्चीकडे धावले. दोघांनी दर्शनाची रांग थांबवली. कुणीतरी चैतरामच्या हातात चहा दिला, कुणीतरी गीतेला म्हटलं, दुपट्टा बांधलेली एक सावळी म्हातारी घाटावर लंगडताना दिसली. गीता तिकडे पळाली. सत्य सांगायला माणसं कमी पडत नव्हती, पण ते ऐकायला कुणी जागेवर थांबत नव्हतं. चैतरामने चहा पिऊन टाकला.

पंधरा मिनिटांनी गीता एका म्हातारीला दंडाला धरून घेऊन आली. मागून शंभरेक माणसं.

"भेटली!" गीतेला धाप लागली होती. "नाही नाही म्हणून राह्यली, पण मी सोडली नाही. घ्या काकाजी, तुमचा जोडा!"

"अवं सोड ना मले!" म्हातारी हात झटकत होती. "मी खैरलांजीची अनुसया. हा बुढा कोण व्हय, मी पाह्यलं बी नाही याले!"

"रागावल्यात हो," गर्दीतून कुणी समजुतीने म्हणालं. "खांबापाशी ठेवल्यावर रागावन नाही तं काय!"

मान वर करायची चैतरामची हिंमत होत नव्हती. म्हणून त्याची नजर खालीच होती, आणि खाली म्हातारीच्या पायांत काळे जोडे होते. उजव्यावर लाल दोऱ्याचे दोन टाके.

"हौ!" तो किंचाळलाच. "हाच! हाच माहा जोडा!" आणि धावत जाऊन त्याने म्हातारीच्या पायाला हात लावला.

"बुढा पाया पडून राह्यला!" गर्दीने टाळ्या वाजवल्या. हिरालालने डोळे पुसले.

"पाय सोड बाप्पा!" अनुसयाबाई मागे सरकली. "हे जोडे माह्या बुढ्याचे हायत."

"तुमचा बुढा कुठी हाय?"

"तो गेला. दोन वर्षं झाले." तिने दुपट्टा सारखा केला. "त्याचे जोडे घरात पडून पाहावत नाही. म्हणून मीच घालतो. देवाले जावाचं त्याच्या मनात होतं."

चैतरामने बोटाने लाल टाके दाखवले. अनुसयाबाईने डोळे बारीक करून, वाकून पाहिलं.

"अवं माय," ती म्हणाली. "मगापासून मोठे लागून राह्यलते. मले वाटलं, मीच सुकली."

दोघं महागूच्या खांबापाशी आले. तिथं तो दुसरा जोडा तसाच होता, चैतराम ज्याला हात लावायला तयार नव्हता तो. अनुसयाबाईने तो उचलून पदराने पुसला, आतून हात फिरवला आणि पायांत घातला. चैतरामने आपला घातला. उजव्याचे टाके अंगठ्याला नेहमीसारखे टोचले.

"चेहऱ्यावरून ओळखता ना?" तो महागूला म्हणाला. "मंग माहे जोडे या बाईले कसे काय देल्ले?"

महागूने दोघांकडे आलटून पालटून पाहिलं.

"तुम्ही दोघं देवळातून बाहेर आले ना," तो म्हणाला, "तवा एकच चेहरा होता जी."

मग अनुसयाबाई खैरलांजीच्या बसकडे गेली आणि चैतराम आपल्या. बस सुरू होताना मागून, देवळाच्या दगडी भिंतीवरून भोंगा पुन्हा गरजला. गर्दीत सगळा खुलासा हिरालालपर्यंत पोचला नव्हता, किंवा पोचूनही त्यांना तो पटला नव्हता.

"भक्तजनों, खुशखबरी! लालबर्रा के चैतराम जी का जोड़ा मिल गया है। दोनों सकुशल हैं।"

शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, "चैतराम म्हणजे तुम्हीच का जी?"

"हौ," चैतराम म्हणाला. उजव्या पायाशेजारी त्याने डावा नीट लावून ठेवला आणि बाजूच्या माणसाला म्हटलं, "जरा सरका तिकडे. दोघं हाओत आमी."