राजा ऐलतीरी राहिला त्याची बखर

श्रीगणेशास आणि नदीमाईस नमन करून, थोरांनी हासू नये व जाणत्यांनी उणेअधिक सांभाळून घ्यावे ऐसी विनंती करून, एका राज्यातील नावघाटाचे वर्तमान लिहिले जाते. शके सोळाशे बावन्न, साधारणनाम संवत्सरी, त्या राज्यात आबादी होती आणि मधोमध थोर नदी वाहत होती आणि पैलतीरी दर आठवड्यास बाजार भरत होता. ऐलतीरी सरकारी घाट, तेथील दरोगे हैबतजी नाईक. नाव हैबत, परंतु स्वभाव ऐसा भिडस्त की, आपल्याच नावाड्यास हाक मारणे तर आधी घसा साफ करीत, आणि तोवर नावाडी दूर जाई, मग गप्प राहात. चाकरी वडिलार्जित, सागवानी नावाही वडिलांनीच बांधविलेल्या, आणि रोज संध्याकाळी नाईक त्यांजवरून हात फिरवीत.

घाटाचा लौकिक मोठा होता. जो उतारू येई त्यास गालिच्यावर बसवीत आणि गुलाबपाणी शिंपीत आणि विडा देत आणि बापाचे, आज्याचे, पणज्याचे नाव पुसोन भालदार ललकारी देई, आणि सर्वांचा मान जाहल्यावाचून नाव सोडू नये आणि थोर कोणी येणार ऐसी वर्दी असली तर तो येईतोवर बांधोन ठेवावी, ऐसा शिरस्ता दरबारी मानपानाचे कारभारी कृष्णंभट यांनी बांधिला होता. महाराज पुसत, "घाटाचे कैसे?" तर भट म्हणत, "गुलाबपाण्यात उणे नाही," आणि महाराज संतोष पावत. परंतु उतारू आटत चालले. वरच्या अंगास चांगुणा कोळीण भोपळ्यांच्या सांगडीवर लोक उतरवी; सांगडीवर पाणी चढे, माल भिजे, तरी लोक तिकडेच धावत. हे दरबारी कळले तेव्हा महाराज कोपले आणि आज्ञा केली जे, "कार्तिकी पौर्णिमेच्या थोर बाजारी आम्ही जातीने येऊ. घाट ओस दिसला तर नावा फोडून मुदपाकखान्याच्या चुलीत घालाव्या, आणि दरोग्याची चाकरी खालसा."

नाईक नावांभोवती फेऱ्या घालो लागले. भट म्हणाले, "घाबरता काय? गुलाबपाणी दुप्पट करू. वर केवडा." नाईकांनी मान डोलाविली, परंतु मनात म्हणाले, दुप्पट भिजवोन काय होणार? मग पुढल्या बाजारादिवशी पोशाख उतरोन, घोंगडी पांघरोन, पहाटेस सांगडीवर जाऊन बसले. शेजारी भागाई कुंभारीण, मांडीवर मडक्यांची उतरंड घट्ट धरलेली. नाईकांनी हळूच पुसले, "बाई, सरकारी नाव कोरडी, विडा फुकट. मग येथे का भिजता?" भागाई म्हणाली, "विडा चघळून माझी मडकी खपतात होय रे बाबा? तिथे माझ्या पणज्याचे नाव सापडेतो पलीकडचे गिऱ्हाईक घरी जाऊन जेवून निजते!" सांगडीवर हशा पिकला. गूळवाला म्हणाला, "मजवर इतके गुलाबपाणी मारिले की ढेप पाझरली. बाजारात लोक पुसती, गूळ आहे की अत्तर?" नाईक म्हणाले, "पण येथे मडकी फुटत नाहीत?" "फुटतात तर! उरतील ती विकते." तो चांगुणा वल्हे मारीत म्हणाली, "काका, हौस कोणास आहे? लोकांस नाव नको आणि सांगडही नको. लोकांस बाजार पाहिजे." दोन पिढ्या आपण नावा राखिल्या, लोक पोचविले नाहीत, हे त्यांस नदीच्या मध्यावर कळले.

मग नाईक कुंभारवाड्यात गेले आणि तेल्यांकडे गेले आणि गूळवाल्यांकडे गेले, आणि दर दारी घसा साफ करून पुसते झाले, "तुम्हांस पलीकडे कधी आणि कैसे पोचावे वाटते?" घाटाकडून कुळीवाचून दुसरे काही कोणी पुसले नव्हते, लोक आधी दचकले आणि मग बोलो लागले ते थांबेनात. भागाई म्हणाली, "पेंढा मी आणीन, मडकी मी रचीन, तळाशी फळ्या तेवढ्या तुम्ही टाका." ऐसे ज्याचे त्याने आणि घाटाचे घाटाने करावयाचे ठरले, आणि सूर्य कासराभर वर येताच शिंग फुंकावे व नाव सोडावी, मग नाव भरो न भरो, आणि मागून शिंगासरशी दुसरी, ऐसा नवा शिरस्ता जाहला. वेळेची पक्की म्हणोन शिंग चांगुणेस दिले, तिनेही सांगड तोवर तीरास बांधोन ठेविली. ती म्हणाली, "आणि कोणी थोर आला तर?" नाईक म्हणाले, "पाहू." "पाहू नाही, काका. एकासाठी थांबलात की सारे पुन्हा माझ्या सांगडीवर. आणि मी घेईन हो, सोडायची नाही!" भट संतापले, "गुलाबपाणी बंद? राज्याची अब्रू?" नाईक म्हणाले, "बंद कशास? बाजार करून दमून परततील तेव्हा शिंपा. तेव्हा बरे वाटेल."

पौर्णिमा आली. घाटावर तीळ ठेवण्यास जागा नाही, आणि नाव भरली, आणि सूर्य कासराभर वर आला, तोच माळावर धूळ उठली आणि भालदार धावत आला, "थांबा! महाराज येतात!" चांगुणेने शिंग ओठाशी नेले आणि म्हणाली, "काका, फुंकू?" भट कानाशी लागले, "डोके जाईल, नाईक!" नाईकांनी वडिलांच्या नावांकडे पाहिले, त्यांस चूल दिसली. भागाईकडे पाहिले, ती पेंढ्यात मडकी रचोन पैलतीराकडे पाहात बसली होती. नाईकांनी या वेळी घसा साफ केला नाही. "फुंक!" ऐसे गर्जले की तीरावरचे बगळे उडाले. शिंग जाहले आणि नाव सुटली.

महाराज घोड्यावरून उतरले. "नाव?" नाईक म्हणाले, "गेली, महाराज." "आम्हांवाचून?" "शिंग जाहले होते. पुढल्या शिंगास दुसरी आहे. महाराजांच्या पुढे एक तेली आहे." तेली बाजूस सरो लागला, तो महाराज म्हणाले, "उभा राहा," आणि त्याच्या मागे उभे राहिले. उभ्या उभ्या पैलतीरी पाहातात तो नाव लागली, भागाईने मडकी मांडली आणि गिऱ्हाइकांनी तिला वेढले. महाराज तेल्यास पुसते झाले, "आम्ही येणार असता पूर्वी तुम्ही काय करीत होता?" तेली म्हणाला, "थांबत होतो, महाराज. मग बाजार उठे. मग तेल घेऊन घरी जात होतो." शिंग जाहले तसे महाराज तेल्यामागोन नावेत चढले. पलीकडे जाऊन त्यांनी भागाईचे मडके उचलले. ती म्हणाली, "वाजवून घ्या, महाराज, कोरडे आले आहे आज." वाजविले, खणखणीत वाजले. मग महाराज सर्वांदेखत म्हणाले, "नाव आम्हांसाठी थांबे, तो आम्ही आमचा मान समजत होतो. तो यांचा बुडालेला बाजार होता." आणि नाईकांस शेला दिला, आणि चाकरी वंशपरंपरा दिली, आणि नगारे वाजले, आणि परततेवेळी भटांनी स्वहस्ते भागाईवर गुलाबपाणी शिंपिले, ती शिंकली आणि प्रसन्न जाहली.

तात्पर्य, चाकरी कशाची हे चाकराने गिऱ्हाइकास पुसावे, आणि दोघांनी मिळोन ती सिद्धीस न्यावी. नावा अद्याप चालतात. मुदपाकखान्यास लाकूड रानातून येते. जैसे उमगले तैसे लिहिले. चूक असेल ती लिहिणाराची, यश नाईकांचे.